धोटे काकाजींची रांग

धोटे काकाजी आम्हा पोरींना ट्रक समजत. अहो, खरंच सांगते. वाडीत अमरावती रोडच्या अलीकडे आमची घरं, पलीकडे शाळा आणि मधून दिवसभर ट्रक. ड्रायव्हरकी सोडून घरी बसलेले काकाजी रोज साडेदहाला लुंगी सावरत हजर. आम्हा नऊ जणींची रांग लावायची आणि शेवटच्या पोरीच्या दप्तरावर थाप मारायची. दोन थापा म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. क्लीनर ट्रकच्या पत्र्यावर मारतो ना, अगदी तश्शी. मग "आन दे, आन दे" करत रस्ता पार.

निघण्याआधी तपासणी व्हायची. चप्पल झिजली की टायर गेला. रिबन सुटली की ताडपत्री सुटली. कुणी खिदळलं तर "हॉर्न कमी वाजव वं." मला तर मेली इतकी लाज वाटायची!

मी सातवीत असताना एका ट्रकचा ब्रेक उशिरा लागला. काकाजींनी एकच थाप मारली, आम्ही जागीच थांबलो, म्हणून वाचलो. घाबरून माझ्या हातातला डबा सुटला, तेवढा चाकाखाली गेला. पण तो चेपलेला डबा बाबांनी पाहिला आणि माझी शाळा बंद केली. पोरीच्या जातीला सातवी पुष्कळ झाली, म्हणाले. मी रडून घर डोक्यावर घेतलं, पण बाबा काही बधले नाहीत.

तिसऱ्या दिवशी काकाजी घरी आले. एरवी सगळ्या वाडीला ऐकू जाणारा माणूस, पण उंबऱ्याशी बसून हळू आवाजात बोलू लागला. आईनं दिलेला चहा निवून गेला.

"भाऊ, माह्या पोरीले, सुमनले, मीच शाळेत जाऊ नाही देलं," ते म्हणाले. "मीच ट्रक चालवत होतो, रस्ता कसा आहे मले माहीत होतं. लय भेव वाटे."

बाबा म्हणाले, मग बरोबरच केलंत की तुम्ही.

"आता थे सासरी आहे, यवतमाळकडं. तिचं पत्र येते, पण लिहिते तिचा दीर. दर खेपी एकच, सुखात आहे म्हणून. खरंच सुखात आहे का नाही, मले कसं समजन गा?"

बाबांनी उठून माझं दप्तर माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. खरं तर नाचत जायला हवं होतं, पण सुमनताईच्या विचारानं रस्ताभर मला रडू येत होतं.