बापूरावांचा सुट्टीवरचा डोळा

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी एक डोळा मिटून बसतो. आधी डावा, मग उजवा. पुलगावात स्टेशनरोडवर चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस असं करतो हे कळलं, तर लोक नंबर तपासायला दुसरीकडे जातील. ही सवय बापूरावांची.

बापूराव मिलमधून रिटायर झालेले. नव्वद सालच्या मागेपुढे दुकानात यायला लागले ते एकाच डोळ्याने. दुसरा गच्च मिटलेला. सकाळी उजवा बंद, जेवण झालं की डावा. पहिल्यांदा मला वाटलं, रांजणवाडी झाली असेल.

"काकाजी, डोळ्याला काय झालं?"

"काई नाई. सुट्टीवर हाय तो. डोळा म्हंजे विहीर हाय बाबू. उपसतच राह्यलं तं कोरडी पडते. झरा भरू द्या लागते."

वापरल्याने नजर संपत नाही, हे मी त्यांना कितीदा समजावलं. ते शांतपणे ऐकून घेत आणि डोळा बदलत. पंगतीत ताटाकडे बघायचे नाहीत. "वरण काय पाहाचं? वरणासारखंच असते ते." टीव्हीकडे पाठ करून क्रिकेट ऐकायचे. डॉक्टरकडेही जायचे नाहीत. म्हणायचे, तो विहिरीत बॅटरी मारते, पाणी वाढवत नाई.

त्यांना दूरचा वजा नंबर होता, जवळचा वेगळा. मी बायफोकल करून दिला. आठवडाभरात परत.

"वरून रस्ता दिसते, खालून पेपर दिसते. पायरी कुठून पाहू? तुह्याच दुकानाची चुकलो आता!"

मग दोन चष्मे केले. एक नाकावर, एक दोरीनं गळ्यात. त्यातही त्यांचं म्हणणं होतं, काच एकाच बाजूला बसव, दुसरी बाजू रिकामी राहू दे.

एक दिवस आले आणि जवळचा चष्मा माझ्या टेबलावर आपटला. "घे तुहा तू. झरा फुटला!" आणि पेपरातल्या बारीक जाहिराती चष्म्याशिवाय धडाधड वाचून दाखवल्या. बाकावरची दोन गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची तेवढी राहिली.

साठी उलटलेल्या माणसाला असं अचानक जवळचं दिसू लागलं की आम्हा धंद्यातल्या लोकांना आनंद होत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, नंबर वजाकडे सरकतो. काही दिवस पेपर छान वाचता येतो, मग सगळंच धूसर. मी टॉर्च मारली. बाहुलीमागे पिवळट ढग होता.

"काकाजी, हा झरा नाही, मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून घ्या. आता आतच भिंग बसवतात. पहिल्यासारखा जाड चष्मा लागत नाही."

"आत काच? अन् मी शिंकलो तं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "माहा चष्मा सुटला म्हणून जळून राह्यला तू," म्हणाले आणि गेले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, फिरकले नाहीत.

शेवटी एका संध्याकाळी मीच त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर दोन खुर्च्या. एकीत बापूराव, दुसरीत काकू. काकूंना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि बापूरावांचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते.

"शेजारची पोरगी चालली," ते काकूंना सांगत होते. "हिरवा फ्रॉक हाय. एक चप्पल हातात."

"तुटली असन," काकू म्हणाल्या.

"नाई, काटा काढून राह्यली."

मी वळून पाहिलं. रस्त्यावर पोरगी नव्हती. एक शेळी उभी होती. काकू हसल्या, पण भलतीकडे तोंड करून. त्यांची नजर काचबिंदूने कधीच गेली होती. तो न दुखता कडेकडेनं पोखरत येतो, आणि नेलेलं परत देत नाही.

माझा आवाज ऐकून बापूराव दचकले. मला आडोशाला नेलं. "ऑपरेशन बिघडलं तं? या घरात दोघायत डोळ्याची एकच जोडी हाय, सुधाकर. दिवसभर वाचवतो, अन् संध्याकाळी तिच्यासाठी उघडतो."

"काकाजी, पण आता तुम्ही शेळीला फ्रॉक घालून राह्यले."

त्यांनी एकदा ओट्याकडे वळून पाहिलं. म्हणाले, "माह्या डोळ्यावर पट्टी असन तेवढे दिवस तिच्याजवळ बसशीन? जे दिसन तेच सांगजो."

बसलो. "सायकल गेली, काकू."

"कोणाची?"

"माहीत नाही."

"मांगं कोण होतं?"

"पाहिलं नाही."

"बाप्पा! तुह्यापेक्षा तुहे काकाजी बरे. त्यायले दिसत नव्हतं, तरी माही गल्ली भरून राह्यत जाय."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे बरीच वर्षं बापूरावांनी काकूंना खरी गल्ली दाखवली. ते गेल्यावर मुलीने काकूंना हिंगणघाटला नेलं. निघताना माझा हात चाचपून म्हणाल्या, "येजो. तिथं ओटा हाय, पण सांगणारं कोणी नाई."

हो म्हणालो. हिंगणघाट काही लांब नाही, आणि रविवारी दुकान बंद असतं. तरी गेलो नाही. बापूरावांसारखं सांगता येणार नाही याची लाज वाटत राहिली. काकू अजून आहेत. त्यांची एक संध्याकाळ माझ्याकडे बाकी आहे.