पतंगांची पसंती

विश्वजीत माणसांना बोलायला शिकवायचा. सिडकोत दोन खोल्यांत त्याचा 'सुसंवाद वर्ग' चाले आणि वाळूजच्या कारखान्यांतले सुपरवायझर रविवारची झोप मोडून तिथं येऊन बसत. वर्गाची सुरुवात ठरलेली. मुंगी वासानं बोलते, मधमाशी नाचून बोलते, मोर पिसारा फुलवून बोलतो, आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे माणूस, जो शब्दांनी बोलतो. असं म्हणून तो हात स्वतःच्या छातीवर ठेवायचा. समोरच्याचं ऐकायचंही असतं, हा धडा मात्र त्याच्या अभ्यासक्रमात कुठंच नव्हता. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरचा जांभया देतोय की जीव, याचं त्याला काही सोयरसुतक नसे.

असल्या गड्याचं लग्न जमत नव्हतं, यात नवल ते काय? मुली पाहून पाहून घरचे टेकीला आले होते. अशात तनुजाचं स्थळ आलं. वेरूळच्या अलीकडं घर, दारातच कपाशीची शेती, मुलगी कृषी पदवीधर. तिचा फोटो पाहून हा पठ्ठ्या आयुष्यात पहिल्यांदा दोन मिनिटं गप्प बसला होता म्हणतात. आईनं बजावलं, की हे स्थळ हातचं गेलं तर आम्ही पुन्हा कुणाची पायरी चढणार नाही, तुझं तू बघ. आणि खरं सांगायचं तर त्यालाही हीच हवी होती. नको झाली तर दुसरी, असं या वेळी नव्हतं.

मुलगी बघायला निघायच्या दिवशी वडिलांचा, मोतीरामचा, गावाहून फोन आला. त्यांच्या कपाशीवर बोंडअळी दिसायला लागली होती, तर येताना कामगंध सापळ्याच्या गोळ्या आण, म्हणाले. या रबरी गोळीला बोंडअळीच्या पतंगाच्या मादीचा वास लावलेला असतो. नर त्या वासाला भुलून येतो आणि सापळ्याच्या पिशवीत अडकतो. पाकीट फोडू नको, गोळीला उघडा हात लावू नको, वास अंगाला धरतो, एवढं ते सांगत होते, तोच विश्वजीतनं त्यांना तोडलं. म्हणाला, "पप्पा, बोलण्यात इतके नकार बरे नाहीत." पप्पांनी फोनच ठेवला.

आता शहाण्यानं गोळ्या घ्याव्यात आणि गुमान गाडीत टाकाव्यात की नाही? यानं पाकीट फोडलं आणि हुंगून बघितलं. वास नाही. दुकानदारानं गंडवलं म्हणून एक गोळी चोळली, कुस्करली, पुन्हा हुंगली. मग हात नव्या सदऱ्याला पुसले आणि सगळा माल खिशात कोंबला. माणसाच्या नाकाला हा वास येत नाही, असं पाकिटावर चांगलं मराठीत छापलेलं होतं. पण वाचणं म्हणजे दुसऱ्याचंच ऐकणं, ते कोण करणार?

वाटेत गावच्या फाट्यावर आईवडील गाडीत बसले आणि दिवस मावळता मावळता मंडळी तनुजाच्या घरी पोचली. तिचे वडील आप्पासाहेब यांनी ओट्यावर सतरंजी टाकली होती. ओटा संपला की कपाशी सुरू. पोहे झाले, चहा झाला. आप्पासाहेबांनी मोतीरामला पाऊसपाणी विचारलं, तर उत्तर विश्वजीतनं दिलं. तनुजानं काही विचारायला तोंड उघडलं, तर त्यानं मुंगीपासून सुरुवात केली.

मधमाशीपर्यंत आला तेव्हा पहिला पतंग त्याच्या खांद्यावर बसला. "बघा, निसर्गसुद्धा प्रतिसाद देतो," तो म्हणाला. मोरापाशी पोचेतो कॉलरवर, बाहीवर, खिशावर पतंगच पतंग. आईनं पदरानं हाकलले, ते फिरून परत आले. माणूस शब्दांनी बोलतो, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि एक आत गेला.

मोतीरामच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं पोराच्या खिशात हात घातला, उघड्या गोळ्या बाहेर काढल्या आणि कपाळावर हात मारला. आप्पासाहेबांना नवरदेवाचं काहीच पडलं नव्हतं. आपल्या रानात इतके पतंग हायत आणि आपल्याला पत्ता नाय, या धास्तीनं ते बॅटरी घेऊन कपाशीत शिरले. बोंडं फोडून आतल्या अळ्या बघून आले ते तोंड पाडूनच.

विश्वजीत खोकून खोकून लाल झाला होता, आणि मुख्य म्हणजे गप्प होता. तनुजाला त्याची कीव आली. तिनं पाण्याचा तांब्या आणला, त्याला चूळ भरू दिली आणि समोर बसून सरळ विचारलं, "तुमचं आतापर्यंत लई ऐकलं. तुम्हाला माझ्याबद्दल काही विचारायचं हाय का?"

सोन्यासारखी संधी होती. आईनं देवाचं नाव घेतलं. नाव विचारलं असतं तरी चाललं असतं.

विश्वजीतनं तोंड पुसलं. "उत्तम प्रश्न," तो म्हणाला. "प्रश्नांचे मुळात चार प्रकार असतात."

तनुजानं पहिला प्रकार संपेपर्यंत ऐकलं. मग त्याच्या छातीवरच्या पतंगांकडं बोट दाखवून म्हणाली, "हे सगळे नर हायत. वास आला म्हणून लांबून आले बिचारे. आल्यावर कळलं, आत कुणीच नाय. तुमचा फोटो बघून माझं बी तसंच झालं." आणि कपबश्या गोळा करून आत निघून गेली.

मंडळी गाडीत बसली. गाडी सुरू करणार तोच आप्पासाहेब मागून पळत आले. विश्वजीतचा चेहरा उजळला. पोरीचं मन वळलं असणार, असं धरून त्यानं काच खाली केली आणि जन्मात पहिल्यांदा, मध्ये न तोडता, दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आप्पासाहेब त्याच्याशी नाहीच, पलीकडं बसलेल्या मोतीरामशी बोलले. "पाहुणं, राग मानू नका. पोरगी नाय म्हणती. पन येवढा सदरा ठिवून जाता का? उद्या सापळे आणीन, तवर कपाशीच्या धुऱ्यावर टांगतो."

मोतीरामला कपाशीचं दुखणं कळत होतं. त्यानं पोराला काही विचारलं नाही. हात लांब करून स्वतःच त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या काढायला लागला.