शिक्क्यासकट, सर्वांसाठी

जी सूचना सर्वांपर्यंत पोचते तीच खरी सूचना. ती समजणे हा पुढचा, आणि दुसऱ्या खात्याचा, विषय आहे.

अम्मानच्या एका पाणी कार्यालयातल्या नाएलला हे तत्त्व मनापासून पटले होते. या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येते. त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरली नाही, तर पुढचे दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत काढावे लागतात. एका मोहल्ल्याचा वार बदलणार होता. तो ईमेलने कळवावा आणि ती ईमेल अंध, वृद्ध, अर्धशिक्षित अशा सर्वांना कळेल अशी असावी, असा वरून हुकूम आला. नाएलची मावशी, वदादखाला, त्याच मोहल्ल्यात एकटी राहायची. तिला दिसत नसे. आलेल्या ईमेल तिचा संगणक मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे नाएलने या कामात जीव ओतला.

अक्षरे मोठी झाली, रंग ठळक झाले. लांब वाक्ये तोडायचेही ठरले, पण सुरुवातीचे सलाम आणि संचालक अता बे यांचे आभार यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही (आभार तोडले की बढतीही तुटते). त्यातून शिक्का नसलेला मजकूर म्हणजे नुसती अफवा. म्हणून कागद छापून, त्यावर शिक्का मारून, त्याचा फोटो पाठवला. अंधांसाठी फोटोचे वर्णन जोडले. ते लिहायला समिती दोनदा बसली. सतरा अधिकाऱ्यांनी लगोलग "उत्तम!" असे कळवले.

रविवारी खालाचा फोन आला.

"नाएल, ऐकली रे तुमची ईमेल. गोल शिक्का, निळी शाई, साहेबांची झोकदार सही! अगदी डोळ्यांपुढे उभं राहिलं बघ."

"सगळी तुझी दुवा, खाला."

"दुवा राहू दे. टाकी कोरडी ठणठणीत पडलीय. पाणी कधी येणार?"

"त्यात लिहिलंय ना!"

"कुठे? शिक्क्याच्या उजवीकडे की डावीकडे?"

नाएलने फोटो उघडला. सलाम होते, आभार होते. वार मात्र साहेबांना विचारून भरायचा म्हणून जागा मोकळी सोडली होती, आणि शिक्का नेमका त्या जागेवर बसला होता. त्याने सतराही जणांना वार विचारला. एकालाही सांगता आला नाही; ईमेल कोणी उघडलीच नव्हती.

संध्याकाळी खालाच्या जिन्यावरून बादल्या वाहताना त्याला स्वतःची फार लाज वाटली. (यात हसण्यासारखे काही नाही. कालच आपण कोणाच्या तरी लांबलचक मजकुराला न वाचता अंगठा दाखवून मोकळे झालात. तो माणूस अजून आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे.)