गिरधरने कूलरचे पैसे क्रिप्टोत दिले

दीपनगरच्या वसाहतीत राहणाऱ्या गिरधरने ठरवलं, की नवा कूलर घ्यायचा तर क्रिप्टो देऊनच. बायकोची, म्हणजे पुनमची, अट एकच होती: हवा गार यावी. पैसे कोणत्या जातीचे द्यायचे, हे तिच्या गावीही नव्हतं.

जळगावचे नजीरभाई कूलर स्वतः बनवून विकत. कुणाच्या तरी आग्रहाने त्यांनी मोबाइलमध्ये क्रिप्टोचं पाकीट उघडलं होतं, पण ते अजून कोरंच होतं. गिरधरला तेवढं पुरलं; पुनमला घेऊन तो त्यांच्या दुकानात पोहोचला. मधे बँक नाही, साहेब नाही. आपण नाणं पाठवायचं, जगभरातले कॉम्प्युटर ते तपासतात आणि समोरच्याच्या पाकिटात जाऊन पडतं, असं त्याने कूलरवर कोपर टेकून समजावलं. (समजावताना आपण देखणे दिसतो, असं त्याचं स्वतःचं मत आहे.)

"आणि चुकून भलतीकडे गेलं तर?" नजीरभाईंनी विचारलं.

"परत येत नाही. तीच तर त्याची मजबुती."

नजीरभाईंनी पाकिटाचा पत्ता, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. गिरधरने कॉपी केला, पेस्ट केला आणि ऐटीत बटण दाबलं. दोघं नजीरभाईंच्या मोबाइलकडे बघत बसले. चहा येऊन संपला. पाकीट कोरंच. तपासायला वेळ लागतो, गिरधर म्हणाला. तेवढ्यात त्याच्या स्क्रीनवर 'पोहोचले' असं आलं.

आता मात्र त्याने माळ नीट वाचली. नजीरभाईंचा पत्ता कॉपी झालाच नव्हता. मेहुण्याला, योगेंद्रला, सकाळीच गंमत म्हणून थोडंसं नाणं पाठवलं होतं, त्याचाच पत्ता पुन्हा पेस्ट झाला होता.

आणि योगेंद्रचाच फोन आला. त्याने नरडाण्याला नुकतंच कँटीन उघडलं होतं, आणि उद्घाटनाला गिरधरने साधा नारळही पाठवला नाही म्हणून पुनम महिनाभर फुगून होती. योगेंद्रचा आवाज भरून आला होता.

"दाजी, एवढं कशाला? आईला बोलायचंय."

सासूबाई म्हणाल्या, "जवाई, आते बठ्ठा गावले सांगसू मी." म्हणजे आता सगळ्या गावाला कळणार होतं.

फोनचा आवाज मोठा होता; कूलर निवडून शेजारी आलेल्या पुनमने सगळं ऐकलं. लग्नानंतर प्रथमच तिने दुकानात, चारचौघांत, नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. चूक झाली म्हणावं, तर घरात कूलर असूनही उकडणार होतं. "घरचंच माणूस आहे," गिरधर खोल आवाजात म्हणाला.

मग पुनमने गल्ल्याजवळचा नेहमीचा कोड स्कॅन केला. स्पीकरने रक्कम मोठ्याने सांगितली आणि कूलर रिक्षात चढला.

नजीरभाई गिरधरला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुमचं क्रिप्टो पटलं मला. शिकायचंय."

गिरधरची छाती फुगली. "केव्हाही या. सगळं शिकवतो."

"तुमच्याकडून नाही," नजीरभाई अदबीने म्हणाले. "मेहुण्यांचा नंबर द्या. पैसे त्यांच्याकडे येतात."