मालनचं गाऱ्हाणं

रत्नागिरी तालुक्यातली मनाची पहिली गावठी डॉक्टरीण मीच! हसू नका. चौऱ्याऐंशी साली माझ्या चुलत जावेची झोप उडाली होती, म्हणून तिला घेऊन रत्नागिरीला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिची नाडीसुद्धा बघितली नाही. तासभर नुसतं ऐकलं! निघताना मी विचारलं, "बाई, औषध कुठाय?"

"आजी, हेच औषध. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आपलं कुणीतरी ऐकतंय, एवढं माणसाला वाटलं पाहिजे."

एवढंच? हे तर मी तांदूळ निवडता निवडता करीन!

पहिली पेशंट शेजारची मालन. नवरा आनंदा मुंबईला, घरात ही आणि सासू येसूबाई. दोन महिने मालन सासूशी चकार शब्द बोलली नव्हती. आता तर बोचकं बांधून बसलेली. गुरुवारच्या एसटीने लांज्याला माहेरी, ती कायमची!

बुधवारी तिला आमच्या पडवीत बसवलं. पाच-सहा बायका काजूगर सोलत होत्या, आमचे हे कोपऱ्यात सुपारी कातरत होते.

"बोल गो बाय."

मालन गप्प. मीही गप्प. जन्मात एवढी गप्प बसले नव्हते हो! पोटात शब्द उकळत्या पाण्यातल्या फणसाच्या आठळ्यांसारखे उड्या मारायला लागले.

"काय बोलू काकी? सुचतच नाय."

"देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो ना, तसं घाल."

मालनने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, लग्नाला तीन वर्सं झाली..."

झालं! गाऱ्हाण्याला साथ द्यायची लहानपणापासूनची सवय. सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "व्हय म्हाराजा!"

"गप बसा गो! नुसतं ऐकायचं असतं!" मी ओरडले. म्हणजे मध्ये मीच बोलले.

पण मालनला जोर चढला. "मुंबईवरनं माज्या नावाचा एक कागद आला नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"येतो तो सासूच्या नावाने, आनि ती तो ट्रंकेत घालून कुलूप लावते. मी जिती हाय का मेली, कोन इचारीत नाय..."

"व्हय म्हाराजा!"

आवाज असा, की तिकडे पूर्णगडच्या खाडीतल्या होड्या माघारी वळल्या! खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा.

येसूबाई हातातल्या कोयत्यासकट धावत आली. "माज्या घरातलं चव्हाट्यावर? कोनी मांडलाय हा बाजार?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे! आमच्या ह्यांनी तर अडकित्ताच रोखला. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "येसू, तूपण घाल गाऱ्हाणं."

येसूबाईने एकदा हात जोडून बसलेल्या सुनेकडे बघितलं. मग कोयता खाली ठेवून टेकली.

"म्हाराजा, मला अक्षर येत नाय. मास्तर कागद वाचून दावतात. मग मी रोज ट्रंक उघडून त्यावर नुसता हात फिरवते. उद्या पोरगा बायकोला कागद घालायला लागला, तर ह्या म्हातारीला कोन इचारील?"

दोघींचं दुखणं एकच, आणि मधे एक भिंत!

मालनने खाली बघत हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

येसूबाई दचकली. सुनेचा दोन महिन्यांतला पहिला शब्द! तिने कनवटीची किल्ली काढून मालनपुढे सरकवली. "चौथी शिकलीस ना गो? तूच वाच आता. मोठ्यान वाच, दोघींना ऐकू येवंदे."

गुरुवारची एसटी मालनला न घेताच गेली. मी गावभर मिरवले!

शुक्रवारी बायका पुन्हा पडवीत जमल्या, तर सासू-सून हात जोडून शेजारी शेजारी उभ्या. "बा देवा म्हाराजा, ही काकी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते, तिला जरा अक्कल दे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा! आणि एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला, टोपी नीट केली आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, लग्नाला चाळीस वर्सं झाली..."

बायका काजू टाकून सरसावून बसल्या.

मला मात्र गोठ्यात फार महत्त्वाचं काम आठवलं.