मरण नसलेलं पुस्तक

शेवंतीने हातातला घास ताटात ठेवला आणि विचारले, "बाबा, ह्यां सगळां कित्याक?"

"सार आंबट झालां काय गो?" गुणाजीने बायकोकडे बघत विचारले.

"साराचां नाय. सकाळी उठाचां, जेवाचां, निजाचां. ह्यां कित्याक? एक दिवस मराचांच आसा मां?"

गुणाजीच्या घशात माशाचा काटा अडकला. मालवणच्या बाजारात त्याचे जाळ्याच्या सुताचे दुकान होते. सुताबद्दल कुणी काहीही विचारले तरी तो अडत नसे. ‘हे सगळे कशासाठी’ ह्या प्रश्नाने मात्र त्याला घाम फुटला. मॅट्रिकची परीक्षा दिल्यापासून शेवंती संध्याकाळी एकटीच समुद्रकाठच्या खडकांवर जाऊन बसायची. पोरीने जिवाचे काही करू नये म्हणून गंगूने नवऱ्याला तिच्या मागावर पाठवायला सुरुवात केली. पालथ्या होडीआड गुणाजी दबा धरून बसे. शेवंती नुसती उठून उभी राहिली तरी तो धावायच्या बेताने धोतर खोचू लागे.

शेवटी तो सल्ला विचारायला वाचनालयात गेला. तिथली पुस्तके कुस्तोदियो मास्तर सांभाळत. शाळेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ.

"या वयात असं होतं," मास्तर म्हणाले. "तिला तत्त्वज्ञान वाचायला द्या."

गुणाजीने एक पुस्तक उघडले. पहिल्याच ओळीत मृत्यू. दुसरे उघडले, तर त्यात चिता पेटलेली.

"मास्तर, मराण नसलेलां द्या."

"मग पाककृतींचं न्या." मास्तरांनी कपाटाकडे नेलेला हात मागे घेतला. "पण त्यातही कोंबडी मरते."

गुणाजीने सगळ्यांत बारीक पुस्तक उचलले आणि दुकानाचे दार लावून वाचायला बसला. मरणाचे पान आले की तो त्याला खळ लावून पुढच्या पानाला चिकटवी. पण "वर सांगितल्याप्रमाणे" म्हणत मरण पुढे हजरच! मग तेही पान चिकटवावे लागे. अखेर प्रस्तावना आणि शुद्धिपत्र एवढेच उरले. वाळल्यावर पुस्तक पापडासारखे ताठ झाले.

"वाच गो. बरां आसा," म्हणून त्याने ते लेकीला दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगू धापा टाकत दुकानात आली. "आपला चेडू, शेवंती, घरात नाय! पुस्तक घेवन खंय गेलां, सांगूक पण नाय!"

गुणाजी खडकांकडे धावला. भरती वर चढली होती. खडकांवर कुणी नव्हते. तो शेवंतीच्या नावाने हाका मारत सुटला. किनाऱ्यावर हौसाबाई मासे निवडत होती.

"शेवंती? तां बाजाराकडे पळत गेलां. तोंड लालबुंद झालेलां."

मास्तरांना मदतीला घ्यावे म्हणून गुणाजी वाचनालयात शिरला आणि दारातच थबकला. शेवंती चहाच्या किटलीच्या वाफेवर पुस्तक धरून उभी होती आणि मास्तर हलक्या हाताने सुरी घालून पान सोडवत होते.

"बाबा, दार लावा! वारो येता!" शेवंती ओरडली. तिचा इतका मोठा आवाज त्याने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "कोणीतरी मुद्दाम चिकटवल्यान ही पानां. म्हणजे खरां काय तां हेच्यातच आसतला!"

मास्तरांनी गुणाजीच्या नखांत सुकलेल्या खळीकडे पाहिले. "दमट हवा," ते म्हणाले. "पानं आपोआप चिकटतात."

पान सुटले. शेवंतीने ते वाचले, पुन्हा वाचले आणि बापाकडे रोखून पाहिले.

"बाबा, तुमका मरणाचां भय वाटता?"

गुणाजीने मास्तरांकडे बघितले. मास्तर किटलीत पाणी ओतू लागले.

"वाटता," गुणाजी म्हणाला. हे तो आजवर गंगूलाही बोलला नव्हता.

"माका पण," शेवंती म्हणाली आणि बाकावर सरकली. "बसा. पुढचां पान सुटाक वेळ आसा."