मंदाची जबानी

राळेगावचे दौलतराव हवालदार नोकरीतून निवृत्त झाले, पण तपासातून झाले नाहीत. कोणी वाटीभर साखर मागायला आलं तरी पहिला प्रश्न ठरलेला, "काल दुपारी कुठी होता?" उत्तर काहीही येवो, ते मान हलवून म्हणत, "नोंद केली." कागद-पेन्सिल मात्र त्यांच्याकडे कधी दिसली नाही.

त्यांची पाच वर्षांची नात मंदा माझ्या बालमंदिरात येऊ लागली आणि चौकशी माझ्यामागे लागली. माँटेसरी हा शब्दच तेव्हा गावाला नवा. पाढे नाहीत, छडी नाही, मग ही बाई दिवसभर करते काय? शाळा सुटली की हवालदार मंदाला ओट्यावर बसवून तिची जबानी घेत. घरात ते दोघंच.

मंदा खरं बोलायची, तिथेच घोटाळा झाला. पाट उचलायचा, पण आवाज करायचा नाही, असं तिने सांगितलं. हातात घंटी घेऊन खडूच्या रेघेवरून चालायचं, घंटी वाजली की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांना पट्टी बांधून कापडं चाचपायची आणि सुती कोणतं, रेशमी कोणतं ते ओळखायचं. शेवटी तिने स्वतःचा पराक्रम सांगितला. फळीवर बसवलेल्या कड्या आणि कुलूप तिने सगळ्यांच्या आधी उघडलं होतं!

दुसऱ्या दिवशी मंदा आत गेली आणि तिला सोडायला आलेले हवालदार बालमंदिराच्या दारातच उभे.

"बाई, म्या नोकरीत लय चोर धरले. पन त्याइची शाळा पहिल्यांदाच पाह्यली."

मला हसू आलं आणि रागही आला. "अहो, मुलांचे हात तयार होतात, कान तयार होतात," मी म्हटलं.

"तेच तं म्हनतो ना मी. तयार करून राह्यल्या तुमी."

संशयात मीही काही कमी नव्हते. बालमंदिर चालवणाऱ्या कमिटीतल्या दोघांना ते बंदच पाडायचं होतं. हवालदारांना त्यांनीच पाठवलं असणार, हे मी धरूनच चालले. म्हणून "मंदाले काढतो" असं ते म्हणाले, तेव्हा मी आवाज चढवला, "कोणी पढवलं तुम्हाला?"

"कोनी नाही." ते एकदम ओट्यावर बसले. "पोट्टी पयले धपधप चाले, भांडे आपटे. चुलीपाशी हाय का विहिरीवर, मले समजे. आता ते घरात कुठी हाय, काहीच समजत नाही. डोळे गेले माये, बाई. कोनाले सांगतलं नाही. मालूम पडलं तं तिचा मामा तिले घेऊन जाईन."

माझी मान खाली गेली. मी त्यांना तिथेच बसवलं आणि आत जाऊन मंदाला हळूच सांगितलं, "घरी मात्र खूप आवाज करायचा हं."

ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आबाजीले दिसत नाही, हे मले मालूम हाय. मामाले नका सांगू. भांडे म्या त्याच्यासाठीच आपटत होती. तुमीच तं नाही म्हनल्या."